वखारीचा केर

हौसाबाई लग्न होऊन बाळकुमात आली तेव्हा तिच्याबरोबर एक गायही आली. माहेर विठ्ठलवाडीकडचं. बापाची जमीन बेताची, पण गुरं दावणभर. मुलीच्या कानात डूल घालायचे सोडून त्याने तिच्या हातात दावं दिलं. व्याही नाराज दिसला तेव्हा म्हणाला, "डुलाला दूध येत नाय, पावनं."

सासर भाताचं आणि मिठाचं. नवरा महिपत मिठाच्या मचव्यावर असे, सासरा जोमा शेतावर. या घरात बैल नांगराला आणि गाय बैल व्यायला, एवढंच गुरांचं काम. दूध निघालं तर पोरांनी प्यावं, नाही तर वासराने. हौसाबाईने हळूहळू ही रीत मोडली. दूध, मग ताक, मग तूप, आणि पुढे रोज सकाळी डोक्यावर चरवी घेऊन ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत फेरी. तिथल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या बायका तिला ओट्यावर बसवून दूध मापून घेत. "पाणी घातलंयस का गं?" असं रोज विचारत, आणि "तुमच्या विहिरीचा नाय घातला," असं ती रोज सांगे.

इसवी सन अठराशे ऐंशीच्या आगेमागे डोंगर बंद झाला. तोवर बाळकुमची गुरं सकाळी येऊरच्या उतारावर जात आणि दिवस कलला की आपली आपण उतरत. सरकारने ते रान राखीव केलं, झाडांच्या बुंध्यांवर खुणा झाल्या, रखवालदार फिरू लागले. माणसांना हे समजलं, गुरांना नाही. त्यातून हौसाबाईच्या गोठ्यातली कवडी, म्हणजे माहेरून आलेल्या गाईची नात, मोठी द्वाड. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, आणि दाव्याची गाठ शिंगाने सोडवायची कला. ती सरळ डोंगरात गेली आणि तिथून कोंडवाड्यात. जोमा दंड भरून तिला सोडवून घेऊन आला. पाय धुतले, ओट्यावर बसला, आणि मग बोलला.

"कवडी टिटवाल्याला जाईल. आपल्या शकूच्या घरी. तिकडं रान मोकला हाय."

शकू त्याची लेक. तिचा नवरा पोपट माणूस बरा होता, पण जनावर घेऊन गेला की परत आणायचं विसरायची त्याला सवय होती. नांगराचा एक बैल असाच गेला होता.

हौसाबाई दाराआडून म्हणाली, "मामा, तिचा पोट हतंच भरला तर?"

"काय खाऊन? खाजनातला खारा गवत? ती तोंड लावल काय त्याला?"

"वरकसाचा तुकडा पडला हाय ना मागं. दोन पावसाले झाले, तुमी नाचनी पन नाय केलीत. तो मना देवा. मी गवत पेरते."

जोमाने मान वळवून सुनेकडे पाहिलं. वरकस म्हणजे भात न पिकणारी हलकी जमीन. भात पेरतात, नाचणी पेरतात, वाल पेरतात. गवत पेरतात हे त्याने ऐकलं नव्हतं.

"पेर," तो म्हणाला. "मंग वारा पन पेर थोडा. श्रावनात पोपटला बोलावतो. तवर कवडीचा पोट तुज्या तुकड्यावर भरला, तर ऱ्हायली. नाय तर त्याच्यासंगती गेली."

---

चैत्रात महिपतचा मचवा मीठ घेऊन कल्याणला निघाला तेव्हा हौसाबाई तुपाचा गडू आणि एक जुनी घोंगडी घेऊन त्यात बसली. भरतीच्या पाण्याबरोबर मचवा खाडीतून वर सरकू लागला. महिपत सुकाणूवर होता.

"घोंगडी कश्याला? उन्हाल्यात थंडी वाजते काय?"

"लागल."

"आन गवताचा बी कोनच्या दुकानात मिलते, ता ठाव हाय काय तुना?"

"नाय ठाव. इचारीन."

"मंग माज्यापासून लांब उभी ऱ्हावून इचार. मना तितं रोज जायाचा हाय."

कल्याणच्या बाजारात ती आधी बियाण्याच्या दुकानात गेली. शेट गादीवर लोडाला टेकून बसला होता. समोर परड्यांत वाल, तूर, कुळीथ, चवळी. तिने गाईच्या चाऱ्याचं बी विचारल्यावर शेट उठून बसला आणि मागून एक छोटी थैली घेऊन आला. तिच्यात पिवळसर, राईएवढं बारीक बी होतं.

"लसूणघास. पुण्याहून येते. साहेबांच्या घोड्यांना हीच लागते. एकदा पेरा, कापत राहा, वर्षानुवर्षं."

हौसाबाईने चिमूटभर बी हातावर घेतलं. छान भरलेलं होतं, चकाकत होतं. "पावसात पेरायची काय?"

"छे. पाऊस संपल्यावर. वाफे करायचे आणि विहिरीचं पाणी द्यायचं."

"आमच्याकडं विहीर नाय. आन पुढच्या पावसात ती उभी ऱ्हाईल काय? आमच्याकडं पानी साचते."

शेट प्रामाणिक माणूस निघाला. "पाणी साचलं तर कुजेल," तो म्हणाला.

"मंग साहेबाच्या घोड्यालाच ऱ्हावूदे. चवली दाखवा."

त्याने पांढरी, टपोरी चवळी पुढे केली. "ही घ्या. एका उकळीत शिजते."

"शिजवायची नाय. पाला कोनाला जास्ती येतो?"

"पाला?" शेटने चवळीच्या दोन्ही परड्यांकडे पाहिलं, जणू त्यांनाच विचारत होता. "बाई, चवळी मी शेंगेला विकतो. पाला कोणी आजवर विचारला नाही."

"मंग मी इचारते. ती कोपऱ्यातली तांबडी, बारकी, ती पसरते काय जमिनीवर?"

"पसरते. म्हणून तर कोणी घेत नाही. शेंगा धरतच नाही लवकर, नुसती वेल धावते."

"तीच द्या."

तिने एक दाणा दाताखाली फोडला, आतून पांढरा आणि करकरीत आहे असं पाहिलं, किडक्या दाण्यांसाठी परडीत हात खोल घालून खालचे दाणे वर काढले, आणि मगच पदर पसरला. शेटला नको असलेला माल गेल्याचा आनंद झाला, पण बाईला तो हवा होता हे कळल्यावर आपण स्वस्तात दिला की काय अशी शंकाही आली. त्याने वर एक मूठ घालायची थांबवली.

गवताचं बी मात्र कुठल्याच दुकानात नव्हतं. ते नसणार हे हौसाबाईला मनातून माहीत होतं. ती तशीच खाडीच्या धक्क्याकडे गेली. तिथे गवताची वखार होती. आसपासच्या गावांचं गवत गाड्या भरभरून तिथे येई, दाबून त्याच्या गठड्या बांधत, आणि त्या मुंबईच्या घोड्यांसाठी आणि तबेल्यांतल्या म्हशींसाठी रवाना होत. मुकादम गोविंदा दारात तंबाखू मळत उभा होता.

"काय पाहिजे, मावशी? गवत?"

"गवत नको. केर पाहिजे."

"काय?"

"गवत दाबताना खाली पडतो तो. तुमी झाडून कुठं टाकता?"

"खाडीत," गोविंदा म्हणाला. मग आत वळून ओरडला, "अरे, गिऱ्हाईक आलंय. खालचा केर मागतंय." आतून हसणं ऐकू आलं.

हौसाबाईने तुपाचा गडू खाली ठेवला आणि वरचं फडकं सोडलं. वास गोविंदापर्यंत पोचला. तो जरा सरळ उभा राहिला.

"केर दोन जागी आहे," तो म्हणाला. "उजवीकडचा चांगल्या मालाचा. हिरवंगार पवन्या गवत, घोडा नाव काढतो. डावीकडचा उशिरा कापलेल्या मालाचा. पिवळं पडलेलं, कुसळी मिसळलेली. तो कशाला नेता? चांगला घ्या."

हौसाबाई आधी उजवीकडे बसली. चिमूट घेऊन तळहातावर चोळली, फुंकर मारली. सगळं उडून गेलं, हात रिकामा. पुन्हा चोळली, पुन्हा फुंकली. पुन्हा रिकामा.

"ह्याला दानाच धरला नाय," ती म्हणाली. "कोवला असताना कापला."

"म्हणून तर हिरवा राहिला. म्हणून तर घोडे खातात."

"घोडे खातील. उगवनार नाय."

डावीकडच्या ढिगात तिने तेच केलं. फुंकर मारल्यावर भुसा उडाला आणि हातावर बारीक, भरलेले, जड दाणे राहिले. पवन्याचे होते, मारवेल गवताचेही. पण त्यांच्याबरोबर कुसळीही होती, लांब शेपटीची, टोकदार, जनावराच्या जिभेत आणि गालात घुसणारी. चांगल्या ढिगात जीव नव्हता आणि जीव असलेल्या ढिगात काटे होते. ती थोडा वेळ दोन्हींच्या मध्ये उकिडवी बसून राहिली. गोविंदाला वाटलं, आता उठेल.

तिने घोंगडी उलगडली. डावीकडचा केर पातळ पसरला, वर घोंगडी टाकली, दोन्ही हातांनी दाबून आपल्याकडे ओढली आणि उलटली. लोकरीला कुसळं माशीसारखी डसली होती. पवन्या आणि मारवेल खालीच राहिले. तिने पुन्हा पसरली, पुन्हा ओढली. घोंगडीचं साळिंदर झालं.

"ही घोंगडी आता कोण पांघरणार?" गोविंदाने विचारलं.

"तुमी. तुपाबरोबर देते."

या वेळी आतले लोक गोविंदाला हसले. त्याने गडू उचलला, घोंगडी पायाने खाडीकडे सारली, आणि केर भरायला एक पोतं आणि ते शिवायला सुतळी दिली.

---

ओहोटीबरोबर मचवा खाली आला. बाळकुमच्या धक्क्यावर मासळी निवडत बसलेल्या बायकांनी पोतं उतरताना पाहिलं. त्यांत रंगूबाई होती. तिचं घर दोन घरं सोडून आणि तोंड सगळ्या गावाला पुरेल एवढं.

"काय गं हौसे, कल्यानशी काय आनलास? सोना काय?"

खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. पण तुपाचा गडू देऊन केर आणला, हे वाक्य हौसाबाईने मनात एकदा बोलून पाहिलं आणि ते रंगूबाईच्या तोंडून दहा घरी कसं ऐकू येईल तेही ऐकलं.

"राबाला पातेरा आनला," ती म्हणाली.

राब ही इकडची दर वर्षीची गोष्ट. पावसाआधी रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरायचं, वर मूठ मूठ माती टाकायची, आणि वारा पडलेला पाहून सगळं भाजून काढायचं. जमीन तापते, तण मरतं, राख मुरते.

"पातेरा?" रंगूबाई म्हणाली. "आपल्याकडं पाला नाय मिलत? कल्यानशी आनायचा?"

"तितला चांगला जलतो."

रंगूबाई मासळीकडे वळली. संध्याकाळपर्यंत गावाला समजलं की महिपतच्या बायकोने राबासाठी कल्याणहून पातेरा आणला आणि तो फार चांगला जळतो.

चवळी तिने राखेत घोळून मडक्यात ठेवली, पहिल्या सरीनंतर टोकायला. गवताचं बी मात्र कोरड्यातच पसरायचं होतं, म्हणजे पाऊस पडताक्षणी ते ओलीत असेल. वैशाखाच्या शेवटी तिने वरकसाचा तुकडा कुदळीने ओरबाडला आणि पोतं रिकामं केलं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर माती भुरभुरली. कोंबड्यांनी टोचू नये म्हणून बोरीच्या फांद्या अंथरल्या. बांधावरून पाहिलं तेव्हा तिला समाधान वाटलं. सगळा तुकडा नीट झाकला गेला होता.

शेजारच्या तुकड्याचा मालक सहदेव होता. महिपतच्या बापाच्या वयाचा, एकटा, कोणाच्या कामाला नाही म्हणायचं नाही असा. दोघांचे राब असले की एकाच दिवशी पेटत, कारण एक पेटवला आणि दुसरा तसाच राहिला तर ठिणगी कुठे जाईल याचा भरवसा नसे. महिपत मचव्यावर असला की सहदेवच दोन्ही भाजे.

त्या सकाळी हौसाबाई चरवी घेऊन ठाण्याला गेली. वारा पूर्ण पडलेला होता. ती परत आली तेव्हा सहदेव बांधावर ओला फडका खांद्यावर टाकून बसला होता आणि दोन्ही तुकडे काळे होते. मधून मधून एखादी बोरीची फांदी अजून धुमसत होती.

"उरकला बग तुजा पन," तो म्हणाला. "ताक असल तर आन थोडा. घसा सुकलाय."

हौसाबाईने चरवी खाली ठेवली. ती काळ्या तुकड्याकडेच पाहत राहिली, तेव्हा सहदेवला वाटलं ती कामावर खूश नाही.

"कोपऱ्यात नीट नाय जलला," तो म्हणाला. "पन बाकी रंगू सांगत व्हती तसाच. फार चांगला जलला."

"काका," ती म्हणाली, "ता बी व्हता."

"कसला?"

"गवताचा. कवडीसाठी पेरला व्हता."

सहदेवने तुकड्याकडे पाहिलं. खाली राखेचा थर, वर जळक्या फांद्या, मधे माती. त्याला राबच दिसला.

"गवताचा बी," तो हळूच म्हणाला. "आन तू राब म्हनून सांगितलास."

"हो."

"गावभर."

"हो, काका. सांगितला."

"कश्याला?"

"हसतील म्हनून."

सहदेव बराच वेळ खांद्यावरचा फडका पिळत राहिला. त्यातलं पाणी कधीच निघून गेलं होतं. "आता ताक मागू की नको?" त्याने विचारलं.

तिने ताक आणून दिलं. तो पूर्ण गडू प्यायला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "पाऊस पडूदे. माज्या खालच्या बांधावर मारवेल हाय, जुना, दाट. त्याचे ठोंब काढू आन लावू. जालला मी, लावीन पन मीच."

"गवत लावतात काय, भातासारखा?"

"पेरतात काय?"

---

मृगाच्या सरी झाल्यावर वरकसाच्या तुकड्यावर जे चाललं होतं ते पाहायला लोक मुद्दाम त्या वाटेने जात. सहदेव बांधावरून मारवेलचे ठोंब कुदळीने उचलत होता, हौसाबाई त्यांच्या जुड्या फोडून, पाती अर्धी छाटून, कंबरेत वाकून ओळीत लावत होती. मधल्या मोकळ्या जागेत राखेवर ती तांबडी चवळी टोकत होती. सगळा गाव जे गवत लावणीतून उपटून फेकतो ते ही दोघं शेतात लावत होती.

"सहदेवा," कोणी तरी वाटेवरून विचारलं, "ह्याचा भात कवा काडनार?"

"तुज्या पोराच्या लग्नाला. तू नको येऊस, तुना दात नाय," सहदेव म्हणाला.

रंगूबाई बांधावर उभी राहिली आणि जरा वेळाने म्हणाली, "हौसे, आता गावात काय सांगू?"

"गवत लावते म्हनून सांग. कल्यानशी बी आनला व्हता, माज्या खोटेपनानं जलला, म्हनून सांग."

रंगूबाईला हे सांगायला काहीच मजा नव्हती, पण तिने सांगितलं.

आषाढात निम्म्या ओळी मेल्या. वरच्या अंगाला ठोंब लागले नाहीत. खालच्या अंगाला फुटवे आले. राखेवर चवळी मात्र अशी धावली की ओळी दिसेनाशा झाल्या. केरातलं जे काही मातीच्या भेगांत शिरून आगीतून वाचलं होतं तेही वर आलं. थोडा पवन्या, आणि घोंगडीला चुकवून राहिलेली कुसळी. ती कुसळी हौसाबाई रोज उपटत होती. तरी ती पुन्हा पुन्हा उगवत होती. चारा पुरेल की नाही हे हौसाबाईला सांगता आलं नसतं. कवडीला ती दाव्याने बांधून एका कडेला चारी, मग पुढच्या कडेला, म्हणजे मागची फुटेपर्यंत पुढची संपू नये.

श्रावणात पोपट आला. बरोबर नवीन, काथ्याचा दोर. ओट्यावर बसून त्याने शकूची खुशाली सांगितली, आपल्याकडे रान कसं माजलंय ते सांगितलं, आणि दोर मांडीवर ठेवून जोमाकडे पाहिलं.

जोमा उठला. "चल," तो सुनेला म्हणाला. पोपटही मागे निघाला.

कवडी तुकड्याच्या खालच्या कडेला चवळीत तोंड घालून होती. जोमा बांध उतरून आत शिरला, वेलात पाय अडकून दोनदा अडखळला, आणि गाईच्या डाव्या अंगाला उभा राहिला. मागच्या फऱ्याच्या पुढे, बरगड्यांच्या मागे, जिथे भुकेल्या जनावराला खळगी पडते, तिथे त्याने तळहात ठेवला. दाबला. कवडीने त्याला शेपटीने फटकारलं. त्याने हात तसाच ठेवला. पोपट बांधावर दोराची गुंडाळी या हातातून त्या हातात करत होता. हौसाबाईने वरच्या मेलेल्या ओळींकडे पाहिलं आणि नजर खाली आणली.

"कूस भरली हाय," जोमा शेवटी म्हणाला.

"एक दिसाची," पोपट म्हणाला. "उद्याचा काय?"

जोमाने वाकून चरलेल्या कडेला पाहिलं. तोडलेल्या चवळीच्या बुडातून नवे कोंब निघाले होते. मारवेल दातांच्या खुणेवरून पुन्हा वर चढला होता. त्याने एक कोंब नखाने खुडला, तोंडात टाकला, चावला.

"उद्याचा पन हाय," तो म्हणाला.

"मंग मी येवढा दोर घेऊन कश्याला आलो, मामा?"

"तुजा बैल बांधायला ने. म्हंजे माजा. तो पन कवा तरी आन परत."

पोपट हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हौसाबाईने त्याला ताक दिलं, भाकरी दिली, शकूसाठी तुपाची वाटी फडक्यात बांधली. तो गेल्यावर ती जोमाच्या ओट्याजवळ येऊन उभी राहिली.

"मामा, खालचा तुकडा पन पडलाय. नाचनी तुमी करनार नाय. तो मना देवा."

जोमाने तंबाखूची चंची उघडली, पान निवडलं, चुना लावला. घाई केली नाही.

"दिला," तो म्हणाला. "पन काय पेरनार ता आधी रंगूला सांग. मंग पेर."